तुमच्या कागदावरच्या कुंड्या

आर्सेनिसचा कारखाना तुम्ही बंद केला नाहीत. तुमच्याच कागदावर तसं लिहिलंय, खाली गोल शिक्का आहे. तुम्ही बंद केलंत ते बाकी सगळं. बंदर, विमानतळ, हॉटेलं, चर्च, बँडपथकं, गल्ल्या, बाल्कन्यांखालची फरशी. त्याचं गिऱ्हाईक तेवढं एकेक करून घरात कोंडलंत आणि वर त्यालाच म्हणालात, तुझं काय बिघडलंय, तुझं दार तर उघडंच आहे. आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. नव्हतं म्हणालात तर ते खोटं आहे, कारण स्तामातानं तुम्हाला नऊ वेळा फोन करून सांगितलं होतं.

स्तामाता म्हणजे आर्सेनिसची बायको. वय सेहेचाळीस, हात पुरुषासारखे, आवाज त्याहून जाड. चाकावर बसायचा तो, पण माती मळायची तिनं, भट्टीत लाकूड सारायचं तिनं आणि घासाघीस करायचीही तिनंच. ग्रीसच्या कोर्फू बेटावरल्या त्या टेकडीवर, वाडीत दोघांनी बावीस वर्षं एकच वस्तू बनवली होती, फोडायचा घडा.

इस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, सकाळी अकराच्या घंटा झाल्या की शहरातली माणसं बाल्कनीतून पाण्यानं भरलेले घडे खाली टाकतात. का टाकतात, हे दहा म्हातारे दहा तऱ्हांनी सांगतील. पंधरा मिनिटं शहर तोफखान्यासारखं वाजतं आणि मग खालची गर्दी खापरांवर तुटून पडते, कारण त्या खापराचा तुकडा घरात असला की वर्ष चांगलं जातं म्हणे. आर्सेनिस वर्षभर राबायचा ते त्या पंधरा मिनिटांसाठी. वर्षाची कमाई त्या एका आठवड्यात यायची, आणि इस्टर झालं की त्यातूनच वाडीच्या मालकाला, लोरेंजोसला, वर्षाचं भाडं जायचं. आर्सेनिसच्या बापाच्या वेळेपासूनचा हा करार. भाडं गेलं की वाडी आपली, भट्टी आपली, आणखी एक वर्ष आपलं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्या कचेरीत ती कुणालाच समजली नाही. फोडायचा घडा हा मुद्दाम वाईट बनवलेला घडा असतो. पातळ काढायचा, अर्धाकच्चा भाजायचा, म्हणजे फरशीवर पडला की त्याच्या ठिकऱ्या होतात आणि आवाज होतो. पाणी तो जेमतेम तासभर धरतो, नंतर पाझरायला लागतो. त्यात झाड लावलंत तर पहिल्याच हिवाळ्यात भुगा होईल. आर्सेनिस म्हणायचा, "चांगला घडा कुणीही करेल. वाईट घडा नीट करायला बाप लागतो." महामारीच्या त्या मार्चमध्ये असे चारशेहून जास्त घडे भाजून वाडीत ओळीनं उभे होते. निम्म्यांच्या कानाला लाल फीतसुद्धा बांधून झाली होती.

आणि तुम्ही सगळ्यांना घरात बसवलंत.

पहिले आठ दिवस स्तामातानं फारसं मनावर घेतलं नाही. मग दुकानदारांचे फोन सुरू झाले. बाजारातल्या आठवणवस्तूंच्या दुकानानं दीडशेची मागणी रद्द केली. दोन हॉटेलांनी बाल्कन्यांसाठी सांगितलेले साठ रद्द केले. एक जण तर म्हणाला, "स्तामाता, मी तुला पुढच्या वर्षी दुप्पट घेईन." ती म्हणाली, "पुढच्या वर्षापर्यंत मी काय खाऊ, खापरं?"

मग बातमीत ऐकलं की ज्यांचे धंदे बुडाले त्यांना आठशे युरो मिळणार, आणि भाड्यात चाळीस टक्के सूट. तिनं हिशेबनीस वासोला फोन लावला.

"वासो, यादीत आमचा नंबर बघितलास का?"

"बघितला. नाहीये."

"परत बघ."

"अगं, मी काय चष्मा बदलून बघू? प्रत्येक धंद्याला एक आकडा आहे. तुमच्या आकड्यापुढं काय लिहिलंय माहितीये? बागकामासाठी मातीच्या कुंड्यांचं उत्पादन."

"आम्ही जन्मात एक कुंडी बनवली नाही!"

"ते मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, अख्ख्या बेटाला ठाऊक आहे. पण तुझे सासरे नोंद करायला आले तेव्हा सरकारी यादीत फोडायच्या घड्यांचा रकानाच नव्हता. माझे वडील या खुर्चीत होते. तुझे सासरे म्हणाले, लिहा काहीही, मातीचं असलं म्हणजे झालं. वडिलांनी कुंड्या लिहिल्या. दोघांनी वर कॉफी घेतली आणि विसरून गेले."

"मग आता बदल ना."

"आता बदललेलं धरत नाहीत. मार्चच्या वीस तारखेला जो आकडा होता, तोच तू. आणि कुंड्यांचा धंदा बंद करायचा हुकूम निघालेलाच नाही. कागदोपत्री तुमचं मस्त चाललंय, स्तामाता."

"कॉफी घेतली," स्तामाता म्हणाली. "एका कॉफीत बुडवलं आम्हाला दोघांनी."

"मेलेल्या माणसांना काय बोलतेस," वासो म्हणाली.

तेव्हापासून ते नऊ फोन. तुमची माणसं गोड बोलतात हे कबूल करायला हवं. प्रत्येक वेळी नवा आवाज, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळी कहाणी.

"बाई, तुमच्या व्यवसायावर कोणतीही बंदी नाही. आपण काम चालू ठेवू शकता."

"काम झालंय हो. चारशे घडे उभे आहेत. विकू कुणाला?"

"ते आम्ही सांगू शकत नाही."

"मग कोण सांगेल?"

"आपलं समाधान झालं असेल तर एक दाबा."

स्तामातानं एक सोडून सगळी बटणं दाबली.

घरात माणसं चार. हे दोघं, त्यांची सोळा वर्षांची मुलगी फानी आणि आर्सेनिसची आई रीनी, अठ्ठ्याहत्तरची, गुडघ्यांनी अधू, तोंडानं धडधाकट. पैसा आत येत होता तो फक्त रीनीच्या विधवा पेन्शनचा. म्हाताऱ्या बाईच्या पेन्शनवर चार तोंडं. फोन एकच चालू होता, तोही फानीचा. सकाळी त्यावर तिची शाळा. घराबाहेर पडायचं तर त्याच फोनवरून सरकारला आधी संदेश पाठवायचा. एक म्हणजे औषध, दोन म्हणजे किराणा, तीन बँक, चार कुणाची मदत, पाच मयत नाहीतर लग्न, सहा कुत्रं फिरवणं.

"मला पाच नंबर लाव," रीनी रोज सकाळी म्हणायची. "एकदाचा."

"आजी!" फानी ओरडायची. "माझा भूगोल चाललाय! बाईंना ऐकू जातंय सगळं!"

"जाऊ दे. बाईंना विचार, पाच नंबरला दफनाचा खर्च सरकार देतं का."

"पाच नंबर लावला तर पेन्शन बंद होईल, आई," स्तामाता मसूर निवडत म्हणायची. "तुम्हाला परवडेल, आम्हाला परवडायचं नाही." आणि दोघी हसायच्या. हसायच्या आणि लगेच थांबायच्या, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

मसूर, मग चणे, मग वाडीच्या बांधावरची रानभाजी, पुन्हा मसूर. तेल चुलतभावाच्या झाडांचं होतं म्हणून बरं. इस्टरच्या आधीचा उपास चालूच होता, मांसमच्छी नाही, अंडं नाही. रीनी म्हणाली, "आयुष्यात इतका कडक उपास मी पाळला नव्हता. देवाला वाटेल म्हातारी शहाणी झाली."

आर्सेनिस मात्र बोलेनासा झाला. सकाळी उठून वाडीत जायचा, घड्यांच्या ओळीतून फिरायचा, एखाद्याच्या पोटावर बोटानं टिचकी मारायचा, कान द्यायचा आणि पुढं जायचा. चाकावर बसला नाही. लोरेंजोसचा फोन आला की फोन स्तामाताकडं द्यायचा.

"इस्टरनंतर देतो, लोरेंजोस. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं आहे का काही?" लोरेंजोस म्हणायचा. माणूस वाईट नव्हता. पण त्याचंही समुद्राकाठचं दुकान बंद पडलं होतं.

पवित्र आठवड्याच्या सोमवारी स्तामाता मसूर ढवळताढवळता एकदम थांबली.

"आर्सेनिस, ऐक. त्यांचा कागद म्हणतो की आपण चालू आहोत ना?"

"म्हणतो."

"मग चालू. धंदा चालू आहे त्याला कामासाठी बाहेर पडायचा दाखला स्वतःच लिहून घेता येतो. वासोला विचारलंय मी. गाडीत घडे भरू, शहरात जाऊ, एकेका बाल्कनीखाली उभे राहू. लोकांना बाहेर यायला बंदी आहे. बाल्कनीत यायला तर नाही?"

"फोडायलाही बंदी घातलीये."

"रस्त्यावर जमायला घातलीये. घरातून कोण काय टाकतंय ते कोण बघणार? अरे, शंभर गेले तरी लोरेंजोसपुढं निम्मं भाडं ठेवता येईल. निम्मं बघितलं की माणूस थांबतो."

आर्सेनिसनं पहिल्यांदा मान वर केली. "लहान घडे घेऊ," तो म्हणाला. "टोपलीत बसतील असे."

गुरुवारी दोघं उतरले. शहर असं होतं की स्वतःच्या गाडीचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. बाल्कन्यांवर लाल कापडं मात्र टांगलेली होती, नेहमीसारखी. स्तामातानं पहिल्या गल्लीत गाडी थांबवली, मान वर केली आणि छाती भरून ओरडली, "घडे! आर्सेनिसचे घडे!"

एक खिडकी उघडली. मग दुसरी.

"स्तामाता? तू जिवंत आहेस?"

"तूर्त आहे. घडा घेतेस?"

"कितीला?"

"दहा."

"मागच्या वर्षी नऊला होता!"

"मागच्या वर्षी तू खाली येऊन माझा हात पिरगाळत होतीस. यंदा वरून बोलतेस, वरचा एक युरो उंचीचा."

बाई हसली आणि दोरीनं टोपली खाली सोडली, आत दहाची नोट. स्तामातानं घडा टोपलीत ठेवला. तो हेलकावे खात चौथ्या मजल्यापर्यंत गेला, आणि आर्सेनिस खाली दोन्ही हात पसरून उभा राहिला, जणू पडलाच तर झेलणार होता. फोडायचाच घडा, पण झेलायला उभा. स्तामाताला हसू आलं.

तीन गल्ल्यांत अकरा घडे गेले. एका म्हाताऱ्यानं पैसे दिले आणि घडा नको म्हणाला. "मी आता कुणासाठी फोडू? मुलगा मिलानला अडकलाय." स्तामातानं त्याच्या टोपलीत घडा ठेवलाच. "त्याच्या नावानं फोडा, काका. फुकटचे पैसे मी घेत नाही."

चौथ्या गल्लीच्या तोंडाशी तुमचे दोन पोलीस उभे होते. त्यातला तरुण स्तामाताच्या ओळखीचा निघाला, मास्क होता तरी भुवया आईच्या होत्या.

"मावशी, दाखला?"

तिनं ऐटीत कागद काढून दिला. त्यानं वाचला. मग गाडीत डोकावला.

"इथं लिहिलंय कुंड्या."

"हो."

"या कुंड्या नाहीत."

"पोरा, मला सांगतोस? दरवर्षी तुझी आई माझ्याकडून दोन नेते."

"तेच म्हणतोय मी. हे फोडायचे घडे आहेत. कागदावर कुंड्या, गाडीत घडे. म्हणजे दाखला खोटा. आणि फोडायला यंदा बंदी आहे, म्हणजे हा माल विकणं म्हणजे..." त्यानं मोठ्या पोलिसाकडं बघितलं.

"विनाकारण फिरणं," मोठा म्हणाला.

स्तामाताचा आवाज फुटला. "थांबा, थांबा. मी तुमच्या सरकारला नऊ वेळा सांगितलं की या कुंड्या नाहीत. सरकार म्हणालं, कुंड्याच आहेत, म्हणून पैसे मिळणार नाहीत. आता तू म्हणतोस कुंड्या नाहीत, म्हणून दंड. पैसे द्यायच्या वेळी कुंड्या आणि घ्यायच्या वेळी घडे? एक काय ते ठरवा!"

"ते खातं वेगळं, मावशी," तरुण पोलीस हळू म्हणाला. त्याला लाज वाटत होती हे दिसत होतं. लाज वाटत वाटत त्यानं पावती फाडली. दीडशे युरो.

आर्सेनिस गाडीत बसला, गाडी वळवली. दिवसभरात टोपल्यांतून खाली आलेले पैसे दंडालाही पुरले नसते. अर्ध्या टेकडीवर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "त्या बाईच्या टोपलीची दोरी कच्ची होती."

शनिवारी सकाळी सव्वादहालाच तो वाडीच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. दरवर्षी तिथंच उभा राहायचा. त्यांच्या घरात एक रीत होती. घडवणाऱ्यानं फोडायचं नाही. रीनीच्या नवऱ्यानं कधी फोडला नाही, त्याच्या बापानंही नाही. सगळं शहर फोडायचं आणि कुंभाराचं घर टेकडीवरून ऐकायचं. आर्सेनिसला आवाजावरून कळायचं की हा आपला, हा बाहेरून आणलेला. बाहेरचा नुसता फुटतो. आपला आधी पोटातून हुंकारतो, मग फुटतो.

खुर्ची टाकून रीनीलाही आणून बसवलं. फानी फोन खिशात घालून उभी राहिली. अकराला घंटा झाल्या. खाली लोक नव्हते, पण घंटा वाजवणाऱ्यानं कसर ठेवली नाही.

घंटा थांबल्या. मग, बऱ्याच वेळानं, एक आवाज.

"बाहेरचा," आर्सेनिस म्हणाला.

आणखी एक.

"आपला."

मग लागोपाठ दोन आपले, मग एक बाहेरचा. लांबून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, एकट्यानं. मग काही नाही. ते तसेच उभे राहिले. पंधरा मिनिटं भरेपर्यंत कुणी हललं नाही, कारण दरवर्षी पंधरा मिनिटं असतात.

"अकरा विकले होते," फानी म्हणाली. "आपले तीनच वाजले, बाबा."

"बाकीच्यांनी ठेवले असतील जपून," रीनी म्हणाली. "पुढच्या वर्षीला."

"पुढच्या वर्षापर्यंत टिकत नाहीत ते," आर्सेनिस म्हणाला आणि आत गेला.

लोरेंजोस इस्टरनंतरच्या मंगळवारी आला. दारापासून सहा पावलं लांब उभा राहिला. हातात तुमचा कागद होता, छापून आणलेला.

"स्तामाता, मी चौकशी केली. तुमचा धंदा बंद केलेल्यांत असता तर तुम्हाला चाळीस टक्के सूट होती, आणि मला तुम्हाला काढता आलं नसतं. पण इथं म्हणतायत, तुमचं चालू आहे."

"तुला काय दिसतंय, लोरेंजोस? चालू आहे?"

त्यानं वाडीकडं बघितलं. ओळीच्या ओळी, लाल फिती वाऱ्यावर हलत होत्या. "मला जे दिसतंय त्यावर बँक मला पैसे देत नाही गं," तो म्हणाला. "एक जण बोटी ठेवायला जागा मागतोय. मे अखेर वाडी रिकामी करून दे. भट्टी राहू दे, ती तो पाडेल."

रिकामी करायची म्हणजे घडे कुठंतरी न्यायचे. फुकट म्हणूनही कुणी घेईना. स्तामातानं रोपवाटिकेत विचारलं, त्यांनी एका घड्यात माती भरून बघितली आणि तिसऱ्या दिवशी परत बोलावलं. बूड ओल धरून गळून पडलं होतं. शेवटी मलबा नेणाऱ्या ट्रकवाल्याला फोन केला.

"मडकी? नेतो की. पण अख्खी नाही."

"म्हणजे?"

"अख्खी मडकी म्हणजे नुसती हवा, बाई. चार फेऱ्या होतील, चार फेऱ्यांचे पैसे होतील. फोडून ठेवा, एका फेरीत नेतो."

चार फेऱ्यांचे पैसे नव्हते. एका फेरीचे होते, रीनीच्या पेन्शनमधले.

आर्सेनिसनं हातोडा उचलला, पहिल्या ओळीपाशी गेला, आणि उभाच राहिला. स्तामातानं बघितलं की त्याचा हात वर जातो आणि घड्यापासून वितीवर थांबतो. दोनदा असं झालं. मग तिनं हातोडा त्याच्याकडून घेतला.

"तू आत जा."

"तूही घडवतेस. माती तूच मळलीस."

"कागदावर माझं नाव नाही," ती म्हणाली. "जा आत. आईंना रेडिओ लावून दे. मोठ्यानं."

तिनं फोडायला सुरुवात केली. उंची नाही, पाणी नाही. हुंकार नाही की ठो नाही. नुसतं खच्, खच्, जशी सुकी भाकरी मोडावी. फानी खोऱ्यानं खापरं ढीग करत होती. मध्येच तिनं एक तुकडा उचलला, खिशात घालायला म्हणून, आणि आईकडं बघून परत ढिगावर टाकला. दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रकवाला आला, ढीग भरला, आणि जाताना म्हणाला, "हल्ली माल चांगला असतो तुमचा. लगेच मोडतो."

दंडाविरुद्ध तक्रार करायची सोय तुम्ही ठेवलीत, ते ठीक केलंत. स्तामातानं अर्ज भरला. लिहायला फानी बसली होती. 'विक्रीच्या मालाचं स्वरूप' या रकान्यापाशी तिचा हात थांबला.

"काय लिहू, आई?"

स्तामातानं दंडाची पावती पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "रिकामं ठेव. त्यांनाच भरू दे."

तो अर्ज तुमच्याकडं आहे. ट्रक गेला, वाडी गेली, भट्टीच्या जागी आता बोटी उभ्या आहेत. आर्सेनिस दुसऱ्याच्या हॉटेलात भिंती रंगवायचं काम मिळेल का म्हणून वाट बघतोय, आणि ते हॉटेलही उघडलेलं नाही. रीनी अजून पाच नंबर मागते, पण आता हसत नाही. त्या घरातलं काही परत द्या असं कुणी म्हणत नाही. तुमच्याकडं परत देण्यासारखं काही नाही, हे आम्हाला कळतं. पण तो रकाना अजून रिकामा आहे. त्या कुंड्या होत्या की घडे? कुंड्या होत्या, तर दंड कशाचा? घडे होते, तर आठशे युरो कुठं आहेत आणि त्या माणसाची वाडी का गेली? दोन खाती, दोन उत्तरं नकोत. एक उत्तर. लेखी. खाली गोल शिक्का मारून.